काशी, कार्तिक आणि आईचे गुडघे : साडेतीन दिवसांचा कार्यक्रम कसा आखावा?

अजिंक्यतारा

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत काशीला जायचं घाटतंय. आम्ही पाच जण : आई (वय ७२), आम्ही दोघं, मुलगी तेरा वर्षांची आणि मुलगा आठचा. मला रजा मोजकीच आहे, त्यामुळे प्रत्यक्ष तिथे साडेतीन दिवस मिळतील.

आईचं आधी सांगतो, कारण सगळी यात्रा त्यासाठीच आहे. आमच्या घरी एकनाथी भागवताची पोथी आहे, आजीच्या वेळची, सुट्या पानांची, लाल फडक्यात बांधलेली. आई लग्न होऊन आली तेव्हापासून ती वाचतेय. नाथांनी हा ग्रंथ काशीत, मणिकर्णिकेच्या तीरी, शके १४९५च्या (इ.स. १५७३) कार्तिक पौर्णिमेला पूर्ण केला. तर तिची एकच इच्छा आहे : त्याच तिथीला, तिथे बसून शेवटचा अध्याय वाचायचा. आजवर तिने आमच्याकडे स्वतःसाठी काही मागितलेलं नाही.

अडचण गुडघ्यांची. सपाट रस्त्यावर अर्धा किलोमीटर चालते, मग पाच मिनिटं टेकावं लागतं. पायऱ्या चढते, उतरताना मात्र कोणीतरी धरावं लागतं.

मी केलेला कच्चा आराखडा असा : पहिल्या दिवशी विश्वनाथाचं दर्शन आणि संध्याकाळची गंगा आरती, दुसऱ्या दिवशी प्रयागराज, तिसऱ्या दिवशी अयोध्या, चौथ्या दिवशी सकाळी सारनाथ आणि घाट, दुपारी विमान. हे जमण्यासारखं आहे का? आणि खोली घाटावर घ्यावी की गावात?

रेल्वेवेडा

नाही जमणार. वाराणसी ते प्रयागराज साधारण १२० किमी, म्हणजे जाऊन-येऊन सहा तास गाडीतच. अयोध्या दोनशेच्या वर आहे, तो अख्खा दिवस रस्त्यावर जाईल. साडेतीनातले दोन दिवस गेले, मग काशीला उरलं काय?

पिंपळपान

दादा, तुमच्या आईंची इच्छा वाचून गलबलून आलं. पण तिथीबद्दल आधी स्पष्ट लिहिते, मी शिकायला तीन वर्षं बनारसला होते.

कार्तिक पौर्णिमा म्हणजे तिथली देव दिवाळी. सगळ्या घाटांवर दिवे लागतात, ते बघायला देशभरातून लोक लोटतात. दुपारनंतर गोदौलियाकडून घाटाकडे जाणारे रस्ते माणसांनी भरून जातात, गाड्या लांबच अडवतात, नावांचे दर आभाळाला भिडतात. त्या रात्री मी धडधाकट असूनही दशाश्वमेधाहून लंकेला चालत परत आले होते, कारण (लंका हा तिथला एक भाग) एक टोटो मिळेना. टोटो म्हणजे तिथली ई-रिक्षा. गुडघे दुखणाऱ्या बाईला आणि आठ वर्षांच्या पोराला त्या गर्दीत नेऊ नका, हात जोडून सांगते.

पण कार्तिक सोडायची गरज नाही. उत्तरेत महिना पौर्णिमेनंतर सुरू होतो, म्हणजे आपल्या कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा कार्तिक लागतो. तिथपासून पंचगंगा घाटावर आकाशदिवे लावतात : उंच बांबूंच्या टोकाला वेताच्या परड्या आणि त्यांत दिवे, पितरांच्या वाटेवर उजेड पडावा म्हणून. महिनाभर चालतं. पौर्णिमेच्या गर्दीत जे डोळे भरून बघता येत नाही ते आधी येऊन निवांत बघता येतं.

शमीपत्र

पिंपळपानला +१. फक्त "आधी" म्हणजे नेमकं कधी ते पंचांग पुढे घेऊनच ठरवा.

धनत्रयोदशीपासून अन्नकुटापर्यंत (म्हणजे आपल्या पाडव्यापर्यंत) अन्नपूर्णा मंदिरातल्या सोन्याच्या मूर्तीचं दर्शन खुलं असतं. वर्षातून तेवढेच दिवस, त्यामुळे विश्वनाथ गल्लीत रांगाच रांगा. कार्तिक शुद्ध चतुर्थीला तुळशी घाटावर नागनथैया म्हणजे कालियामर्दनाची लीला, तिथेही तुफान गर्दी. मग छठ : षष्ठीची संध्याकाळ आणि सप्तमीची पहाट, या दोन वेळा घाटावर पाय ठेवायला जागा नसते. सप्तमीनंतर शहर जरा श्वास घेतं आणि द्वादशीपासून पुन्हा देव दिवाळीची माणसं यायला लागतात. म्हणजे तुमच्यासाठी अष्टमी, नवमी, दशमी आणि जमलं तर एकादशीची सकाळ. एकादशीला गंगास्नानाला लोक येतात, पण देव दिवाळीच्या मानाने काहीच नाही.

शाळेची सुट्टी तेव्हा असते का बघा.

रेल्वेवेडा

तारखा ठरवताना एक धोका लक्षात घ्या. छठला गावी गेलेली माणसं त्यानंतरच मुंबई-पुण्याकडे परततात. तिकडून येणाऱ्या गाड्या त्या आठवड्यात खच्चून भरलेल्या असतात, आरक्षित डब्यातसुद्धा स्वच्छतागृहापर्यंत जाता येत नाही. आता आरक्षण ६० दिवस आधी उघडतं (नोव्हेंबर २०२४च्या आधी १२० दिवस होतं), त्या सकाळी आठच्या ठोक्याला बसलात तर बसलात. आई बरोबर आहेत, तर जाताना महानगरी एक्स्प्रेसने हौस म्हणून जा हवं तर, येताना विमानच घ्या.

गोदातीर

माझं मत थोडं वेगळं आहे. आपल्याकडे काशीयात्रा म्हणजे त्रिस्थळी : प्रयाग, काशी, गया. मातोश्रींचं वय बघता पुन्हा जाणं होईल न होईल. अयोध्या सोडा, पण संगम हुकवू नका. काशीहून सकाळी गाडीने प्रयाग गाठायचं, नावेने संगमावर जाऊन यायचं आणि परतीची गाडी किंवा विमान प्रयागहूनच धरायचं. उलटं काशीला यायचं कशाला? मी माझ्या आई-वडिलांना असंच नेलं होतं आणि वडील पुढे दोनच वर्षं होते. त्या संगमाच्या दर्शनाचं समाधान मला आजही आहे.

अजिंक्यतारा

गोदातीर काका, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "संगमाला माझा इथूनच नमस्कार. मला एका जागी बसायचंय, धावायचं नाहीये." अयोध्याही तिनेच खोडली. तेव्हा फक्त काशी. तिथीचंही समजावलं. आधी गप्प बसली, मग म्हणाली कार्तिक आहे ना, बस्स. शमीपत्र, तुम्ही सांगितलेलीच खिडकी धरतोय.

आता खोली. एका ठिकाणी "खोलीतून गंगादर्शन" असं लिहिलंय, फोटो सुंदर आहेत. घेऊ का?

दुपारचा चहा

थांबा! आम्ही अशीच खोली घेतली होती. फोटोतली गॅलरी खरी होती, गंगाही खरी होती. पण टोटोवाल्याने जिथे सोडलं तिथून पाच गल्ल्या आत, प्रत्येक गल्ली एवढी अरुंद की समोरून बैल आला की भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, आणि शेवटी तीन मजले चढून ती गॅलरी. लिफ्ट नाही. सासूबाई पहिल्या दिवशी वर चढल्या त्या दुसऱ्या दिवशी खाली उतरल्याच नाहीत. तीन दिवस त्यांनी गंगा बघितली, पण तिच्या पाण्याला हात लावला नाही. अजून जीव हळहळतो आमचा.

खोली घेण्याआधी फोन करून दोनच प्रश्न विचारा. चारचाकी दारापासून किती पावलांवर थांबते? आणि खोलीपर्यंत पायऱ्या किती? "बस पास में ही है" हे उत्तर धरू नका, आकडा मागा.

पिंपळपान

अगदी हेच लिहिणार होते. काशीत कार्यक्रम ठिकाणांवरून आखायचाच नाही, चाकं कुठे थांबतात त्यावरून आखायचा. नकाशात दोन ठिकाणं हाकेच्या अंतरावर दिसतात, पण मध्ये सत्तर पायऱ्या आणि चार गल्ल्या असतात.

म्हणून तुम्ही अस्सी, भेलूपूर किंवा लंका या भागात राहा. अस्सी घाटाच्या अगदी जवळपर्यंत गाडी येते. पहाटे तिथे "सुबह-ए-बनारस" असतं : आरती, मग शास्त्रीय गायन किंवा वादन. बसून ऐकता येतं, गर्दी दशाश्वमेधाच्या मानाने पुष्कळ कमी. आणि नाव तिथूनच धरायची.

गंगा काशीत उत्तरवाहिनी आहे आणि सगळे घाट पश्चिम तीरावर, पूर्वेकडे तोंड करून. म्हणजे अस्सीहून निघालात की प्रवाहाबरोबर उत्तरेला जाता, उजवीकडच्या वाळूवरून सूर्य वर येतो आणि डाव्या हाताला एकेक घाट उजळत जातो. पायऱ्या न उतरता अख्खी काशी बघायचा हा एकच मार्ग आहे. नाव ठरवताना पंचगंगेपर्यंत जाऊन परत अस्सीला आणून सोडायचं असं आधी बोलून घ्या, नाहीतर बरेच नावाडी दशाश्वमेध-मणिकर्णिकेवरून वळतात. आणि लाइफ जॅकेट मुलांच्या मापाची मागा, मोठ्यांची त्यांच्या डोक्यावरून निसटतात.

कृष्णाकाठ

या नावेच्या वाटेवर मराठी माणसाने डोळे उघडे ठेवावेत. अहिल्या घाट लागेल. आजचं विश्वनाथाचं देऊळ १७८० मध्ये अहिल्याबाईंनीच बांधलं. मणिकर्णिकेला लागून शिंदे घाट, तो बायजाबाई शिंद्यांचा. तिथे पाण्यात कललेलं रत्नेश्वर महादेवाचं देऊळ आहे, मुलांना ते बघून फार नवल वाटेल. पुढे नागपूरकर भोसल्यांचा घाट, तटबंदीसारखा उंच. पंचगंगेवर अहिल्याबाईंचा दगडी दीपस्तंभ आहे, आणि त्यापलीकडे दुर्गा घाट, ब्रह्मा घाट हा तर जुना मराठी मोहल्लाच. शिवरायांचा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट काशीचे. झाशीची राणीही काशीत जन्मली, अस्सीजवळ भदैनीत तिचं जन्मस्थान आहे, तिथे टोटो जाते. तुमच्या मुलीला नक्की दाखवा.

अजिंक्यतारा

खूप खूप आभार. भेलूपूरला खोली घेतली, तळमजल्यावर, गाडी दारात येते.

एक नाजूक प्रश्न. मणिकर्णिका म्हणजे महास्मशान. आईला तर तिथेच वाचायचंय. बायको म्हणते मुलांना तिथे नेऊ नये, विशेषतः धाकट्याला. मला ठरवता येत नाहीये.

शमीपत्र

घाटावर उतरून नेऊ नका. त्यात मुलांचा प्रश्न नंतर येतो, आधी जे आपलं माणूस घेऊन आलेत त्यांचा विचार करायचा. तिथे बघे लोक नकोच असतात, आणि फोटो तर अजिबात नाही. शिवाय लाकडांच्या राशी, राख, चिखल, आईंना बसायला जागाच नाही. "लाकडासाठी दान द्या" म्हणून मागे लागणारेही भेटतात.

नावेतून मात्र आम्ही मुलांना नेलं होतं. आदल्या रात्री दोघांना जवळ घेऊन सांगितलं की उद्या काय दिसेल, धूर का आहे, लोक इथेच का येतात. आमची मुलगी तेव्हा नऊची. ती घाबरली नाही, फक्त माझा हात धरून बसली. न सांगता अचानक दिसलं असतं तर मात्र घाबरली असती असं मला वाटतं. तुमच्या धाकट्याचा स्वभाव तुम्हीच जाणता. नको वाटलं तर तो नावेत उजवीकडे, वाळूकडे तोंड करून बसू शकतो, नावाडी तेवढा पल्ला लांबून घेतो.

दुपारचा चहा

आईंच्या वाचनासाठी : पोथी सुट्या पानांची आहे म्हणालात. नदीवर पहाटे वारा असतो, एक पान उडालं तर आयुष्यभराची रुखरुख. शेवटच्या अध्यायाची मोठ्या अक्षरांत झेरॉक्स काढा आणि क्लिपच्या पुठ्ठ्याला लावा. उजेड कमी असतो, चष्मा आणि बॅटरी जवळ ठेवा. पहाटे पाण्यावर गारठा असतो, आईंना शाल, मुलांना कानटोपी.

पिंपळपान

आता विश्वनाथ. १३ डिसेंबर २०२१ला विश्वनाथ धामाचं, म्हणजे मंदिराभोवतीच्या नव्या आवाराचं, लोकार्पण झालं तेव्हापासून आतलं आवार ऐसपैस आहे, पण तिथवर पोचणं तेच जुनं. मैदागिन ते गोदौलिया या पट्ट्यात गर्दीच्या वेळी गाड्या बंद असतात, त्यामुळे पहाटे लवकर निघा. सुगम दर्शनाचं (पैसे भरून लवकर होणाऱ्या दर्शनाचं) तिकीट मंदिराच्या अधिकृत संकेतस्थळावरच काढा, रस्त्यात "व्हीआयपी दर्शन करवा देंगे" म्हणणाऱ्यांना फक्त नमस्कार. आईंसाठी व्हीलचेअरची चौकशी प्रवेशद्वाराशीच करा.

सगळ्यात महत्त्वाचं, मोबाइल आत नेता येत नाही. तेव्हा फोन, पिशव्या, चामड्याचा पट्टा सगळं खोलीवरच ठेवा, म्हणजे लॉकरच्या रांगेत उभं राहायला नको. पण मग चुकामूक झाली तर एकमेकांना फोनही करता येणार नाही! आत शिरण्याआधी भेटायची जागा ठरवा, आणि दोन्ही मुलांच्या खिशात चिठ्ठी ठेवा : मुक्कामाचं नाव, पत्ता, फोन. हिंदीत लिहा. आईंच्या पर्समध्येही तीच चिठ्ठी.

दशाश्वमेधाची आरती नावेतून बघा. घाटावर दोन तास आधी मांडी घालून जागा धरावी लागते, आईंना जमणार नाही.

रेल्वेवेडा

सारनाथ निघायच्या दिवशी ठेवा. सामान गाडीतच राहू द्या, तिथून रिंगरोडने बाबतपूर विमानतळ गाठता येतं, गावात परत शिरावं लागत नाही. फक्त तो दिवस शुक्रवार नको, संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. आपल्या राजमुद्रेवरचा मूळ अशोकस्तंभाचा सिंहशीर्ष तिथे आहे. नाण्यावर, नोटेवर, पासपोर्टवर रोज बघतो तो दगड प्रत्यक्ष समोर येतो तेव्हा त्याची झिलई बघून थक्क व्हायला होतं. दुपारी पोरं कंटाळली तर भारतमाता मंदिर. तिथे मूर्ती नाही, संगमरवरात कोरलेला अखंड भारताचा नकाशा आहे, हिमालयाच्या उंचसखलपणासकट. गांधीजींनी १९३६ साली त्याचं उद्घाटन केलं. आमचा मुलगा तिथे तासभर सह्याद्री शोधत होता.

अजिंक्यतारा

मंडळी, परवा परतलो. उशीर झाला तरी लिहायलाच हवं.

अष्टमीच्या दुपारी पोचलो. त्या दिवशी काहीच ठेवलं नव्हतं, संध्याकाळी अस्सीला जाऊन पायऱ्यांच्या वरच्या टप्प्यावर बसलो, एवढंच. पूर ओसरल्यावर राहिलेला गाळ खालच्या पायऱ्यांवर अजून होता, पाय घसरत होता. पुढे जाणारे कोणी असतील तर जाड तळव्याच्या, पकड असलेल्या चपला न्या. आईला मी खालच्या पाच पायऱ्या उतरू दिल्या नाहीत, तांब्यात पाणी आणून तिच्या हातावर घातलं.

नवमीला पहाटे पावणेपाचला नाव धरली. पंचगंगेपर्यंत आणि परत, असं आदल्या संध्याकाळीच बोलून ठेवलं होतं. अंधारात निघालो म्हणून आकाशदिवे मिळाले. बांबूच्या टोकाला परडी, आत मिणमिणतं, आणि वारा आला की सगळी रांग एकदम हलायची. मुलीने फोन खाली ठेवला आणि नुसती बघत बसली.

येताना नावाड्याला आईचं सांगितलं. वयस्कर गृहस्थ होते, त्यांनी काही न बोलता शिंदे घाटासमोर, मणिकर्णिकेच्या थोडं अलीकडे इंजिन बंद केलं आणि वल्ह्याने नाव धरून ठेवली. झेरॉक्स काढली होतीच, पण आईने पोथीचं लाल फडकंही आणलं होतं, ते मांडीवर पसरून त्यावर पुठ्ठा ठेवला. तेव्हा पूर्वेला नुकतं तांबडं फुटत होतं. धाकट्याला आदल्या रात्री सगळं सांगितलं होतं, त्याला उजवीकडे तोंड करून बस म्हटलं तर नको म्हणाला, आजीजवळ सरकला. वाऱ्याने कागदाची खालची कडा उलटत होती, ती त्याने अंगठ्याने दाबून धरली आणि आईचं वाचन संपेपर्यंत सोडली नाही. पंचवीसेक मिनिटं लागली. समोर तीन चिता जळत होत्या. शेवटच्या ओव्या आईला पाठ आहेत, त्या तिने कागदाकडे न बघता म्हटल्या.

नावाड्यांना ठरल्यापेक्षा जास्त द्यायला गेलो, त्यांनी घेतले नाहीत. आईच्या पाया पडले.

बाकीचं थोडक्यात. दशमीला विश्वनाथ, पहाटे चारला निघालो म्हणून दीड तासात दर्शन झालं, व्हीलचेअर मिळाली. चिठ्ठ्या उपयोगी पडल्या! बाहेर पडताना मुलगी दुसऱ्याच दाराने निघाली, तिने एका दुकानदाराला चिठ्ठी दाखवली, त्याने खोलीवर फोन लावला आणि ती ठरल्या जागी येऊन पोचली. पंधरा मिनिटं आमच्या जिवात जीव नव्हता. दुपारी सगळे झोपलो, संध्याकाळी नावेतून आरती. एकादशीला सारनाथ करून विमान. भारतमाता मंदिर राहिलं, पलीकडच्या तीरावरचा रामनगरचा किल्लाही राहिला.

गोदातीर

वाचताना डोळे पाणावले हो. मी संगमाचा आग्रह धरला होता, पण मातोश्रींनी बरोबर तेच निवडलं. त्यांना माझा नमस्कार सांगा.

नवी पालवी

सगळा धागा आत्ता वाचला. आम्ही सासू-सासऱ्यांना घेऊन फेब्रुवारीत जातोय, सासऱ्यांना बायपास झालीय. भेलूपूरच्या मुक्कामाला आंघोळीला गरम पाणी पहाटे मिळतं का? आणि खोलीत खुर्ची आहे का, की नुसती गादी? त्यांना खाली बसता येत नाही.

अजिंक्यतारा

गरम पाणी पहाटे साडेतीनलाही मिळालं, फक्त रात्री सांगून ठेवावं लागतं. खोलीत एकच खुर्ची होती, मागितल्यावर दुसरी आणून दिली. आणि नावेत फळकुट असतं, त्याला पाठ नाही. सासऱ्यांसाठी पाठीमागे घ्यायला एक उशी खोलीवरून घेऊन जा, आम्ही आईसाठी नेली होती. महाशिवरात्र फेब्रुवारीत येते का तेवढं आधी पंचांगात बघा, त्या आठवड्यात नकाच जाऊ.